थोरल्या जावयाचा सेलेरॉन

२८ मार्च १९९९, रविवार. जळगाव
आजपासून रोजनिशी. प्रयोग करणाऱ्याने नोंदी ठेवल्याच पाहिजेत, असं मी बारावीच्या पोरांना दरवर्षी सांगतो. हुद्दा प्रयोगशाळा सहाय्यकाचा असला तरी प्रॅक्टिकल खरं मीच घेतो. सर फक्त सही करतात. वही कपाटात, जुन्या जर्नलांच्या खाली. मंदाला दाखवायची नाही. बायकोने नवऱ्याच्या नोंदी वाचू नयेत.
कारण असं की चोपड्याहून आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, पत्र आलं. त्यांच्या केळीच्या सोसायटीला कॉम्प्युटर घ्यायचाय. कोणता घ्यावा हे त्यांनी धुळ्याच्या पंडितरावांना विचारलं. पंडितराव माझे साडू. धाकटे. झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं! मी थोरला जावई, कॉलेजात नोकरीला, घरी स्वतःचा कॉम्प्युटर. मला पत्रात फक्त 'आखाजीला येणे'.
मनाला लावून घेतलं नाही. जेवलो नाही ते पोट जड होतं म्हणून.

३१ मार्च
एसटीडीवरून पंडितरावांना फोन. त्यांच्याकडे के-सिक्स प्रोसेसर आहे, साडेतीनशे मेगाहर्ट्झचा, पण ओव्हरक्लॉक करून चारशेवर पळवतात म्हणे. म्हणजे कंपनीने बांधून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त जोरात पळवायचा. मी म्हणालो, माझा सेलेरॉन तीनशेचा आहे, पण मी साडेचारशेवर पळवतो. अजून पळवत नव्हतो. पण पळवणारच होतो, तेव्हा याला थाप म्हणता येत नाही.
ठरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघांनी आपापलं मशीन चोपड्याला न्यायचं. गाड्यांच्या शर्यतीचा एकच गेम दोन्हींवर लावायचा. सेकंदाला ज्याच्या फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, जास्त, तो जिंकला. आबा पंच. सोसायटीने त्याचंच ऐकायचं.

४ एप्रिल, रविवार
सेलेरॉन साडेचारशेवर चढवला! सेटिंगच्या निळ्या पडद्यावर ६६ चे १०० केले, म्हणजे तीनशेचे साडेचारशे, बाहेर पडलो, झालं. माझा मॉनिटर उशिरा उजळतो, त्यामुळे सुरुवातीला येणारा वेगाचा आकडा दिसत नाही. गरज काय? पंख्याच्या आवाजावरूनच कळतं. मंदाला म्हणालो, ऐक, आवाज बदललाय. ती म्हणाली, बाहेर कांडपवाल्याची चक्की चालू आहे.

११ एप्रिल
मासिकात वाचलं, वेग वाढवला की प्रोसेसर तापतो आणि तापला की मंदावतो. गेम थोडा अडखळतो खरा. पारा त्रेचाळीस. निष्कर्ष: दोष उन्हाळ्याचा. आबांकडे लोखंडी कूलर आहे. प्रश्न सुटला.
सासूबाई, सुंदरबाई, गेल्या श्रावणात गेल्या. ही त्यांची पहिली आखाजी. त्यांच्या नावाने पहिल्यांदा घागर भरायची. मंदा म्हणाली, वाळा इथूनच नेऊ, आईला वाळ्याचं पाणी आवडायचं. मी म्हणालो, ने, पण थैली हलकी ठेव, मॉनिटर मला मांडीवर घ्यायचाय.

१७ एप्रिल, शनिवार. चोपडा
एसटीत मॉनिटर मांडीवर, सीपीयू गोधडीत. मंदा उभी. माझाही इलाज नव्हता, एका सीटवर दोन नाजूक वस्तू मावत नाहीत.
पंडितराव आधीच पोचलेले. आल्याबरोबर आबांची शेतावरची मोटर दुरुस्त करून बसले. असली वरवरची कामं मला जमत नाहीत, मी मुळाशी जाणारा माणूस.

१८ एप्रिल, आखाजी. सकाळी ९
बैठकीत दोन्ही मशीन शेजारी शेजारी. कोपऱ्यात गव्हाच्या राशीवर सासूबाईंची घागर. लाल, नवी, गळ्याला सूत, आत वाळा, वर डांगर, म्हणजे खरबूज. मंदा आणि तिची धाकटी बहीण प्रमिला यांनी पहाटे उठून भरून ठेवलेली. पूजा बाराला.
पहिली फेरी. पंडितराव ३८. मी ३१.
मी आबांना शांतपणे समजावलं की हा निकाल धरता येणार नाही, मशीन तापलंय. कूलर माझ्या मशीनकडे वळवला. आबांचा सदरा घामाने भिजला. पंडितराव म्हणाले, दादा, माझ्याला वारा नको, तुम्ही घ्या. हे टोमणा मारणंच झालं.

सकाळी १०.३०
दुसरी फेरी. पंडितराव ३८. मी ३१.
कूलरमधलं पाणी संपलेलं! बघा, कारण मिळालं. नळ तीन दिवसांआड, आजचा दिवस कोरडा. स्वयंपाकघरात पाणी मागितलं तर पुरणाशी बसलेल्या चार जणी कारण विचारणार, आणि प्रयोगाची कारणं बायकांना पटत नाहीत.
आबा अंगणात, पंडितराव चहाला. कोपऱ्यात घागर.
फक्त दोन तांबे घेतले.

सकाळी ११.१५
दोन तांब्यांनी कूलरची गवताची जाळीसुद्धा भिजत नाही. अजून दोन. मग विचार केला, अर्धवट प्रयोग हा प्रयोग नव्हे. तळाला थोडं ठेवलं आहे. डांगर होतं तसं बसवलं. पाणी शेवटी पाणीच, कुठेही एच टू ओ.
तिसरी फेरी. पंडितराव ३८. मी साडेएकतीस!
अर्ध्या फ्रेमची वाढ. म्हणजे सिद्धांत बरोबर होता, पाणी कमी पडलं.

१८ एप्रिल, दुपारी ३
लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ठेवली पाहिजे.
बाराला आबांनी पूजेला डांगर उचललं आणि आत बघत राहिले. मंदाने बघितलं, प्रमिलाने बघितलं. सकाळी काठोकाठ भरलेली घागर. खाली गहू कोरडे, म्हणजे गळतीही नाही. आता आपल्यावर येणार म्हणून मी कारणांची जुळवाजुळव करायला लागलो.
तर आबा मटकन खाली बसले आणि म्हणाले, मन्ही सुंदरले तीस लागेल व्हती वं. येई गयी. बठ्ठं पाणी पी गयी.
सुंदर तहानलेली होती, येऊन सगळं पाणी पिऊन गेली, असं म्हणत रडायला लागले. सत्तर वर्षांचा माणूस, हुंदके देऊन. दुःखाने नाही. माहेरची माणसं भेटल्यावर बाई रडते तसे. म्हणाले, शेवटच्या दिवशी दवाखान्यात ती पाणी मागत होती आणि डॉक्टरांनी देऊ दिलं नव्हतं. आठ महिने माले घास गिळी नही राहिना. आज ती प्यायली.
प्रमिला रडली. पंडितराव रडले. शेजारच्या बाया येऊन घागरीच्या पाया पडून गेल्या.
मी पण डोळे पुसले. कोरडेच होते.
जेवताना आबांनी आमरसाची वाटी स्वतः माझ्या ताटात ठेवली. म्हणाले, थोरले जावई सकायपासून तिनाजोडे बठेल व्हतात, म्हणून ती उनी. मी तिच्याजवळ बसलो म्हणून ती आली, असं! सोसायटीना कॉम्प्युटर तुम्हीच पसंत करा. पंडितराव पटकन म्हणाले, हो आबा, दादांनाच कळतं यातलं.
जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. रसाची वाटी तशीच ठेवून उठलो.

१९ एप्रिल. एसटीत
यावल गेलं, फैजपूर... छे, हा रस्ताच तो नाही, काय लिहितोय मी.
अमळनेर फाट्यापर्यंत मंदा खिडकीबाहेरच बघत होती. मग म्हणाली, काल कूलरला वाळ्याचा वास येत होता.
मी म्हणालो, गवत नवीन असेल.
ती म्हणाली, आबांना कधीच सांगू नका. मी मेले तरी सांगू नका.

२१ एप्रिल
संकल्प: आबांना पत्र लिहून सगळं कबूल करायचं. चार ओळी लिहिल्या. मग लक्षात आलं की कबुलीने मला हलकं वाटेल आणि त्यांचा घास पुन्हा अडकेल. फाडलं. भित्रेपणाला इतकं चांगलं कारण मला याआधी कधी मिळालं नव्हतं.
लाज वाटते. साधी, नुसती लाज. तिच्याखाली लिहायला काही नाही.

२४ एप्रिल, शनिवार
कॉलेजातला मॉनिटर दुरुस्तीला जायचा होता, म्हणून घरी आणून माझ्या मशीनला लावून बघितला. तो लगेच उजळतो. मशीन सुरू झाल्या झाल्या पडद्यावर आकडा आला. ३००.
पुन्हा सुरू केलं. ३००.
निळ्या पडद्यावर गेलो. ६६. त्या दिवशी बाहेर पडताना 'सेव्ह करून' ऐवजी 'सेव्ह न करता' बाहेर पडलो होतो. सेलेरॉन एक दिवससुद्धा साडेचारशेवर पळालेला नाही. चोपड्यालाही नाही.
मंदा भाजी निवडत होती. तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं.
तिने हातातली मेथी खाली ठेवली. विचारलं, म्हणजे ते तापलेलंच नव्हतं?
मी म्हणालो, नाही.
म्हणजे आईचं पाणी लागतच नव्हतं?
मी म्हणालो, नाही.