कूलरच्या गवतातली चार अंडी

१२ मार्च, संध्याकाळ

वर्तमानपत्राच्या आजच्या अंकात माझा लेख आहे: यंदा आमच्या बेसा भागात दयाळ पक्षी दिसत नाही. आणि दुपारी खिडकीतल्या कूलरचं जुनं गवत बदलायला आलेले गजाननभाऊ म्हणाले, "साहेब, अंडे हायेत इथं. चार." दयाळाचीच, निळसर, तपकिरी ठिपक्यांची.

"दुसरीकडे ठेवायची का?" मी विचारलं.

"काहून? तुमाले पंखा हाये ना!"

त्यांनी उचकटलेलं गवत परत लावलं आणि गेले. मादी मात्र दोनदा भिंतीवर येऊन उडून गेली. घरटं सोडलं तर? खिडकीपासून लांब बसून राहिलो. चार अंडी माझ्याच खिडकीत, आणि मी महिनाभर बाहेर शोधत होतो.

दिवेलागणीला ती आत शिरली. लेखाच्या दुरुस्तीची ओळ उद्या पाठवतो. कूलर पुढच्या महिन्यात.