मला तापणारीच डिस्क हवी

प्रिय साडूभाऊ दोब्रोमीर यांस,

एव्लोगीचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आमच्या धाकट्या मेहुणीचा, इस्क्राचा, खोकला थांबला का? तिकडे प्लोव्दिव्हला उकाडा सुरू झाला असेल, आम्ही इथे डोंगरात अजून लोकरीचे मोजे घालून बसलो आहोत. प्रकृती उत्तम आहे, म्हणजे माझी. संगणकाची मात्र गेल्या मंगळवारी कायमची बिघडली, आणि दुसऱ्या सकाळपासून तुमच्या थोरल्या मेहुणीने, म्हणजे माझ्या नेव्हेनाने, माझ्याशी बोलणं टाकलं आहे. जे काही सांगायचं ते ती मांजराला सांगते. "सांग त्यांना, सूप निवतंय." मांजर माझ्याकडे बघतं, आणि बघण्यावरून कळतं की तेही तिच्याच बाजूचं आहे.

झालं असं की, संगणकातली हार्ड डिस्क गेली. आधी आतून टकटक ऐकू आली, मग घरघर, मग पडदा काळा आणि सगळं शांत. आता यंत्र म्हटलं की बिघडायचंच, पण त्या डिस्कमध्ये आपल्या सासूबाई होत्या हो! म्हणजे त्यांचे सगळे फोटो. पुढच्या शनिवारी त्यांना जाऊन वर्ष होतंय. गुरुवारपर्यंत वर्षाचं स्मृतिपत्रक फाटकावर, विजेच्या खांबावर आणि पावाच्या दुकानाच्या दारावर चिकटलंच पाहिजे, नाहीतर गाव आपल्याला नावं ठेवील. चाळीस दिवसांच्या पत्रकावर आणि सहा महिन्यांच्या पत्रकावर आपण त्यांचा ओळखपत्राचा फोटो छापला होता, आठवतंय ना? पाववाली मला म्हणाली, "अहो, या कुणाला चावायला निघाल्यात?" ते नेव्हेनाने ऐकलं आणि तिथेच जाहीर केलं की वर्षाच्या पत्रकावर माझी आई हसतानाच दिसेल. आता, सासूबाई हसतानाचा फोटो जगात एकच. मी शिडीसकट जर्दाळूवरून खाली आलो तेव्हा त्या आयुष्यात पहिल्यांदा खळखळून हसल्या, आणि मी पडल्या पडल्या चिखलातूनच खिशातला मोबाइल काढून तो टिपला. (माझी बरगडी महिनाभर ठणकत होती. तिची चौकशी आजतागायत कुणी केलेली नाही.) तो मोबाइल पुढे विहिरीत पडला, ते जाऊ द्या. फोटो डिस्कमध्ये होता आणि आता डिस्क नाही.

आता तुमच्याकडे वळतो, साडूभाऊ. मी तुम्हाला फोन केला, कारण तुम्ही तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलीत आणि यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं असं जेवताना दर वेळी ऐकवता. तुम्ही छातीठोकपणे काय सांगितलंत? "डिस्क पिशवीत बांधा आणि रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा, सकाळी ठणठणीत!" मी ठेवली. मटार आणि भरल्या मिरच्यांच्या मधोमध ठेवली. सकाळी नेव्हेनाने ती गोठलेला मासा समजून पाण्यात सोडली. (तिला मासा आणि डिस्क यांतला फरक कळत नाही असं मी म्हणालो. ते आमच्यातलं शेवटचं संभाषण.) म्हणजे आधी जी नुसती आजारी होती तिला तुमच्या औषधाने मारलं, आणि वर तुम्ही फोनवर विचारता, "पिशवी नीट बांधली होती ना?" काय म्हणावं तुम्हाला!

मग ती भिजलेली डिस्क रुमालात गुंडाळून मी स्नेझानाबाईंकडे गेलो. ओळखता तुम्ही त्यांना, पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, आता बाजारपेठेत संगणक दुरुस्त करतात. दुकान बदललं, बाईंचा आवाज बदलला नाही. मी सदुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं जमिनी मोजल्या, तालुक्याच्या हद्दी ठरवल्या, आणि त्यांच्यापुढे उभा राहिलो की गृहपाठ विसरल्यासारखे माझे हात मागे जातात. संगणकाचा डबाही त्यांनी मागवून घेतला, उघडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पाणी नंतरचं. ही त्याआधीच उकडून मेलीय. डबा कुठे ठेवला होता?"

"टेबलाखाली, बाई."

"आणि पंख्याच्या जाळीत ही लोकर कुठून आली?"

मी म्हटलं, आमच्याकडे मांजर आहे. त्यांनी चिमट्याने एक लांबलचक धागा ओढून काढला. लाल. "मांजर लाल आहे?" मी म्हटलं, लालसर आहे. (आमचं मांजर काळंकुट्ट आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. पण एखाद्या सभ्य माणसाची अशी उलटतपासणी करायची असते का? शिवाय दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती.) फोटो परत मिळतील का, तर म्हणे सोफियात एक प्रयोगशाळा आहे, दोन महिने लागतील आणि खात्री नाही. दोन महिने! सासूबाईंनी मला मरताना तरी एवढं ताटकळत ठेवलं का?

मग नवी डिस्क निवडायची वेळ आली, आणि तिथे माझं डोकंच फिरलं. बाईंनी दोन डिस्क टेबलावर मांडल्या. एक जुन्या जातीची, आत तबकडी फिरते, गुरगुरते, तापते. दुसरी नव्या जातीची, पत्त्याएवढी पातळ, आत काही फिरत नाही, आवाज नाही, काही नाही. बाई खुशीत येऊन म्हणाल्या, "हीच घ्या. हात लावून बघा, दिवसभर चालली तरी गार!"

"मग नको," मी म्हटलं.

"नको म्हणजे?"

"गारच राहणार असेल तर उपयोग काय तिचा? ही दुसरी किती तापते? आणि ती तापली तर किती तास तापलेली राहते?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. अडतीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न कुणी विचारला नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, मला थंडी वाजते, पायाशी ऊब हवी. "मग शेगडी घ्या, एव्लोगी!" असं त्या तीन गिऱ्हाइकांदेखत ओरडल्या. शेवटी त्या गार डिस्कची पावती त्यांनी माझ्या हातात कोंबली आणि मी निमूटपणे घेऊन आलो. आजकाल गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायची पद्धतच राहिली नाही. जे तापतं ते जुनं म्हणायचं आणि फेकून द्यायचं, हा काय न्याय झाला? मला याचा भयंकर संताप आला आहे आणि तो मी कुणावर काढू? मांजरावर?

असो. इस्क्राला आशीर्वाद. शनिवारी लवकर या, सासूबाईंच्या नावाने उकडलेले गहू आणि पाव वाटायला माणसं लागतील.

तुमचा वडीलधारा साडू,
एव्लोगी

ता. क. नाताळात तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा फोटोंची दुसरी प्रत काढून ठेवा म्हणालात, आणि ज्याच्या घरात शिस्त आहे त्याला दुसरी प्रत लागत नाही असं मी सुनावलं होतं. ते मी मागे घेत नाही. परंतु इस्क्राकडून नेव्हेनाला, आणि नेव्हेनाकडून मांजरामार्फत मला असं कळलं की मी दुपारी झोपलो असताना तुम्ही गुपचूप सगळे फोटो उतरवून नेलेत. माझ्या घरात चोरी! लाज वाटायला हवी. शिडीचा फोटो बुधवारच्या आत पाठवा.

ता. क. २. हे इस्क्राला वाचून दाखवू नका. तो लाल धागा सासूबाईंच्या घोंगडीचा होता. त्या गेल्यावर जागा अडते म्हणून त्यांची लाकडाची शेगडी मीच काढून टाकली, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्यांच्यासारखं दही लागलंच नाही. ओव्हनमध्ये लावून पाहिलं, उन्हात ठेवून पाहिलं, नुसतं पाणी. वर्षाच्या जेवणाला त्यांचंच दही वाढावं असं माझ्या मनात आलं. मंगळवारी दुपारी नेव्हेना बाजारात गेलेली असताना बर्फाच्या कप्प्यात जपून ठेवलेले त्यांच्या विरजणाचे उरलेले दोन चमचे मेंढीच्या दुधात घातले, दोन बरण्या संगणकाला टेकवल्या, संगणक चालू ठेवला आणि सगळ्यावर घोंगडी घट्ट गुंडाळली, त्या गुंडाळायच्या तशीच.

ता. क. ३. डिस्क मेली, पण दही लागलं. सुरीने कापावं असं. नेव्हेनाने मुकाट्याने एक चमचा तोंडात टाकला, खुर्चीत बसली आणि रडली. मग आम्ही दोघांनी मिळून दोन्ही बरण्या संपवल्या, एकमेकांशी एक शब्द न बोलता. मला ती म्हातारी फार आठवते हो, दोब्रोमीर. तळाचं चमचाभर मी विरजणाला काढून ठेवलं आहे. तुमचा तो जुना संगणक, चुलीसारखा तापतो म्हणून तुम्ही भंगारात देणार आहात म्हणे, तो देऊ नका. येताना गाडीत घालून आणा, आणि शनिवारी नको, शुक्रवारी दुपारच्या आत पोहोचा, कारण दही लागायला पाच तास लागतात.