पिसरनाथाचं दर्शन

मुरुड, कोळीवाडा
गुरुवार, ता. ९ जानेवारी १९५८

चि. सदा यास बायचा आशीर्वाद.

मी बोटीने सुखरूप पोचले. आईचा खोकला तसाच आहे, पण जेवते बरी. तू दिलेली लिमलेटच्या गोळ्यांची पुडी नलूने शेजारच्या नसीबाबरोबर बसून एका दुपारीत संपवली. बोंबील यंदा चांगला पडलाय, वाळत घालायला काठ्यांवर जागा उरलेली नाही.

एवढी खुशाली पुरे. आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. गोदूलाही वाचून दाखव. भावजय म्हणून तिला सोडणार नाही, तीही तुझ्याइतकीच लबाड आहे.

दिवाळीनंतर तुझं पत्र आलं. ‘बाय, नलूचे वडील बुडाले तेव्हापासून तू कुठे गेली नाहीस. थंडीत मुंबईला ये. माथेरानला पिसरनाथाचं दर्शन घडवतो, डोंगर दाखवतो, तळं दाखवतो, त्याच दिवशी परत. नलूला आणू नकोस, वर गारठा फार.’ मी ते वाचून रडले रे! भावाला आपली आठवण आहे म्हणून आळीभर सांगत सुटले. नलू येते म्हणून हटून बसली तर तिला दोन धपाटे घातले. ते तुझ्या पाठीत बसायला हवे होते.

रविवारी पहाटे गोदूने आपलं नवं लुगडं पुढे केलं. “बाय, ह्या नेसा, देवाला जायाचा हाय.” नेसले. दादरला तुझ्या गोदीतले बुधाजी आणि त्यांची आत्या आवडाबाई उभी. ‘अरे वा, तुम्हीपण?’ असं तू म्हणालास. मग पाचही तिकिटं तुझ्याच खिशातून कशी निघाली? मी तेव्हाही बघितलं होतं. पण सख्ख्या भावावर संशय कोण घेतो?

नेरळहून ती छोटी गाडी डोंगरात चढली तेव्हा मला खरंच बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू. एवढी थंडी मी कधी अंगावर घेतली नव्हती. वर उतरल्यावर आवडाबाई माणसांनी ओढायच्या रिक्षात बसल्या आणि मला म्हणाल्या, “तू माझ्या बाजून चाल गो.” म्हाताऱ्या बाईला सोबत हवी असेल म्हणून मी त्या तांबड्या धुळीतून चालले. सगळी वाट त्या माझे पाय बघत होत्या. मधेच विचारलं, दात दुखतात का. मग विचारलं, टोपली डोक्यावर घेऊन कुठवर जातेस. मी भोळी, सगळ्याची उत्तरं दिली!

दर्शन झालं. तळ्याकाठी गोदूने भाकऱ्या सोडल्या. माकडांना हाकलत आम्ही जेवायला बसलो आणि आवडाबाईंनी निकाल दिला. “चालते बरी. माजी ना न्हाय. पोर सासरच्यांकडं ऱ्हाईल, मंग काय अडचन हाय?”

मी विचारलं, “कुणाची पोर?”

“तुजी गो.”

तू माकडांकडे बघायला लागलास. बुधाजींनी भाकरी खाली ठेवली. “तुमाला ठाव न्हाय? सदान मला सांगितलान, बाय व्हय म्हनली म्हून.”

मी कधी व्हय म्हटलं, सदा? कुठे म्हटलं? मला कुणी काही विचारलं तरी होतं का? मी रोज बाजारात मासळी मांडते. गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं, दाबून बघतं. पण त्या मासळीला कुणी देवदर्शनाला नेतो म्हणून फसवत नाही. आणि तेही पौषात, ज्या महिन्यात लग्नाचा कुणी शब्दही काढत नाही! ‘नलूला आणू नकोस’ याचा अर्थ तेव्हा मला कळला. माझं लेकरू कुणाकडे टाकायचं तेही तू माझ्यामागे ठरवून ठेवलं होतंस.

त्या माणसाबद्दल मला काही लिहायचं नाही. फक्त एक लिहिते, कारण तू तेव्हा खाली मान घालून बसला होतास. ते आत्याला म्हणाले, “आते, पोर आयशीपाशी ऱ्हाते. दुसरा काय बोलू नको.” दिवसभरात शहाण्यासारखं बोललं गेलं ते तेवढंच.

मी उठून पाण्याशी जाऊन बसले. तळं चांगलं आहे, पण त्याला लाट नाही, वास नाही, मला तिथे करमेना. तू हाक मारलीस, गोदूने मारली, मी आले नाही. बुधाजी आले ते लांबच उभे राहिले. “माफ करा,” म्हणाले, “मला खरा ठाव असता तर मी असा आलो नसतो.” मग माझी भाकरी एका दगडावर ठेवून गेले आणि मी खाईपर्यंत तिकडून माकडं हाकलत राहिले. हेही मी लिहिणार नव्हते.

तुझी काळजी मला कळते. बाय एकटी म्हातारी होईल ही तुला भीती. मलाही आहे, रात्री उशाशी येऊन बसते. पण त्या भीतीला घाबरून तू मला न विचारता देऊन टाकणार असशील तर मला भाऊ नको.

आता नीट वाच. माघ लागला की बुधाजींनी मुरुडला यावं. दिवसा यावं, भर बाजारातून चालत, सगळ्यांनी बघू दे. आधी त्यांनी नलूशी बोलावं, मग माझ्याशी. विधवेच्या दुसऱ्या लग्नाचा पाट रात्री अंधारात, सवाष्णींच्या नजरेआड लावतात, ते मी होऊ देणार नाही. मी चोरी केलेली नाही. आवडाबाई आल्या तरी चालतील, मी त्यांना चालवत नेईन.

तू मात्र येऊ नकोस. मला काय विचारायचं ते ज्याचं त्याने विचारावं. माझं उत्तर ठरलेलं आहे. ते मी त्यांना सांगेन, तुला नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी बाय
रतन