बिनकुंपणाची टेकडी

शनिवार, ११ ऑक्टोबर

पोचले एकदाची. कॉर्बीशीलचं हे शेतघर फोटोपेक्षा छान निघालं, असं माझ्या नशिबात सहसा होत नाही. स्वयंपाक आपला आपण, म्हणजे सुट्टीतही भांडी माझ्याच वाट्याला. पण शेगडी मस्त तापते, आणि मालक वॉटी टेलफर यांनी अंडी, लोणी अन् ओटची बिस्किटं आणून ठेवली होती. माझी लेक कर्स्टी एडिनबराला एकटी आहे. तिला नववा लागलाय आणि जावई समुद्रात, तेलविहिरीवर कामाला. तिनंच मला पिटाळलं. बाळ आल्यावर तुला झोप मिळायची नाही, आत्ताच लोळून घे म्हणाली. पुढच्या शनिवारी परत यायचंच, हेही बजावलं. बाळंतपणात तिला मी हवी आहे, दुसरं कोणी नको.

रविवार, १२

टेकडीवर भटकले. शेकडो मेंढ्या आणि कुंपण कुठंच नाही. वॉटींना विचारलं तर म्हातारा खुलला. नवी मेंढी आणली की ते आणि त्यांचा कुत्रा मॉस तिला रोज ओढ्यापासून मागं वळवतात. काही दिवसांनी वळवायची गरजच उरत नाही. मग आईचं बघून कोकरू शिकतं. शेत विकलं तरी मेंढ्या टेकडीबरोबरच नव्या मालकाकडं जातात. मी म्हटलं, एडिनबरातल्या आमच्या लीथ वस्तीतले निम्मे म्हातारे असेच आहेत, गल्ली सोडत नाहीत. वॉटी खूप हसले.

मंगळवार, १४

दूध आणायला गावात निघाले. ओढ्याच्या पुलाशी वॉटी आणि मॉस उभे. पुढं रस्त्यावर पाणी आलंय, दूध आमच्याकडचं घ्या म्हणाले. ओढ्याला घोटाभरही पाणी नव्हतं. पण वयस्कर माणसाशी वाद कशाला घालायचा? आले परत.

बुधवार, १५

पुन्हा गेले. आज वॉटी नुसते बाजूला उभे होते. मॉस गाडीपुढं पोट टेकून बसला आणि नजर रोखून बघत राहिला. हॉर्न वाजवला, चिडले, शेवटी गाडी वळवली. तेव्हा वॉटींनी समाधानानं मान हलवली. त्या मान हलवण्यानं माझ्या अंगावर काटा आला.

शुक्रवार, १७

कर्स्टीचा फोन आला. अधूनमधून कळा येताहेत. बॅग गाडीत फेकली आणि निघाले. पुलाशी कोणी नव्हतं, कुत्राही नाही. माझाच पाय ब्रेकवर गेला. उतरून चालायला लागले, तर पुलाच्या पहिल्या फळीशी पावलं थांबली आणि मागं वळली. मी वळवली नव्हती. भानावर आले तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते. पुन्हा गेले. पुन्हा तेच. मला भीती वाटते आहे.

शनिवार, १८

वॉटी आले. मी त्यांचा हात धरून रडले. मला बांधा, गाडीत टाका, पण पलीकडं न्या म्हटलं.

ते अगदी मायेनं म्हणाले, "बाई, बांधून नेलेली चारा सोडते. मेली नाही तर परत येते."

माझ्या मुलीचं काय, मी विचारलं.

"ती येईलच की तुम्हाला शोधत. आणि इथं जन्मलेल्याला तर शिकवावंही लागत नाही."

लगेच कर्स्टीला फोन केला. येऊ नकोस, दवाखान्यात जा, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं की इथली हवा फार छान आहे. तो आवाज माझाच होता. आई, तू बरी नाहीस, मी येते, म्हणाली. फोन ठेवला तिनं. नंतर उचलतच नाही —

रविवार, १९

पुलाच्या अलीकडं बसले आहे. पुढं जाता येत नाही —

गाडी आली. तिचीच. उतरली, पोटावर हात धरून. ओरडायला जाते तर तोंडून तिला हाक निघते, लाडाची, लहानपणची. ती हसली —

नाही. लिहून दाखवते. हात अजून माझा आहे. मोठ्या अक्षरांत —

कर्स्टी, तिथंच थांब. पूल ओलांडू नकोस. गाडीत बस आणि परत जा. परत जा. परत

ये. ये गं, इकडं ऊन आहे, इकडं गवत —