आईच्या स्वयंपाकाची तारीफ

तीर्थरूप बाबा, लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. हे पत्र मात्र आईच्या हाती देऊ नका.

माझं काम नेमकं काय, ते विचारलं होतंत. किरणोपचार घेतलेल्या पेशंटांच्या नोंदी हॉस्पिटलांतून आमच्याकडे येतात. मी त्यांतली नावं काढते, चुका निस्तरते, मग संशोधक त्या वापरतात. दिवसभर तेच. सुरुवातीला रडू यायचं, आता काहीच होत नाही. खिडकीतून रस्ता दिसतो, तोही नुसताच दिसतो.

काल घशाच्या पेशंटांच्या नोंदी आल्या. तुमचेच उपचार, तुमच्याइतकेच आठवडे झालेले. 'चव' या रकान्यात एकजात सगळ्यांपुढे 'नाही'. मला वाटलं, भरणाऱ्याने चूक केली. फोन करून विचारलं, तर तिथली नर्स म्हणाली, "चूक कसली? या टप्प्यावर सगळ्यांचीच चव जाते. येते नंतर हळूहळू."

संध्याकाळी आईचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत! म्हणाली, "जन्मभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आणि आता रोज म्हणतात, फक्कड झालंय! उपचार लागू पडलेत बघ."

मी म्हटलं, हो.

पाणी गिळताना दुखतं का? वजन किती उतरलं? खरं काय ते मला लिहा.

आणि बाबा, अधूनमधून मीठ कमी पडलंय म्हणून कुरकुरत जा. नाहीतर तिला संशय येईल.

तुमची,
धाकटी