म्हादूदादाच्या चौकशीचं पत्र

४ सप्टेंबर १९४४

पुन्हा तिथंच अडले. ‘इन्क्वायर’ — याच्यापुढं काय? पुस्तकात चार दिलेत. ऑफ, अबाऊट, आफ्टर, इन्टू. आणि चारही बरोबर! एखाद्याला विचारायचं तर ऑफ. एखाद्याविषयी विचारायचं तर अबाऊट. प्रकृती विचारायची तर आफ्टर. तपास लावायचा तर इन्टू. मला हे सगळंच करायचंय.

म्हादूदादाचं शेवटचं पत्र फेब्रुवारीत आलं, समुद्रापलीकडून. त्यानंतर सात महिने काही नाही. आता पलटणीच्या कचेरीत इंग्रजीत लिहून विचारायचं, असं घरात ठरलं. लिहिणार कोण? मीच. वाडीत दुसरं कुणी शिकलेलं नाही. भोरला मामाकडं राहून तीन वर्षं इंग्रजी शाळेत काढली, एवढंच माझं भांडवल. मामा वारला आणि मी पुस्तक घेऊन परत आले.

५ सप्टेंबर

आबा शेतातून आले की रोज विचारतात, झालं का. मी म्हटलं एका शब्दाची शंका आहे. तर म्हणाले, ‘‘मग ऱ्हाऊ दे. साहेब हाय त्यो. एक शब्द चुकला तर कागद बाजूला टाकील. घाई न्हाई.’’

आबांना अक्षर येत नाही, पण अक्षराचा धाक केवढा! मला बरं वाटलं. माझ्या शंका दुसऱ्या कुणाला कळत नाहीत.

७ सप्टेंबर

सारजावहिनी भाकरी थापता थापता विचारत होती, एवढे दिवस काय चाललंय. मी सांगितलं की इंग्रजीत शब्दाच्या मागनं एक बारका शब्द येतो. प्रत्येकाचा ठरलेला. भलताच लावला की अर्थ फिरतो.

‘‘म्हंजी म्हशीच्या शेपटावानी,’’ म्हणाली.

तसंच, म्हटलं.

‘‘मग वन्सं, म्हस इकत घेताना शेपूट कोन बघतंय? दूध बघत्यात.’’

हसले. पण नंतर वाटलं, हिचा नवरा तिकडं आणि ही मलाच हसवते. मग हळूच म्हणाली, पत्रात लिहा की तांबडी याली, कालवड झाली. मी म्हटलं पत्र साहेबाला आहे. ती म्हणाली साहेबानं वाचून दाखवावं त्याला.

१० सप्टेंबर

‘वी हॅव नॉट हर्ड फ्रॉम हिम’ असं लिहिलं होतं. मग वाटलं, फ्रॉम की ऑफ? फ्रॉम म्हणजे त्याच्याकडून कळणं. ऑफ म्हणजे त्याच्याविषयी दुसऱ्याकडून कळणं. फ्रॉम ठेवलं. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. कागद तिथं पातळ झालाय.

१२ सप्टेंबर

अखेर ‘इन्क्वायर अबाऊट’ केलं. सुवाच्य प्रत काढली. कालवडीचं शेवटी एका ओळीत घातलं — साहेब हसला तर हसो. आबांनी पत्र मुंडाशात ठेवलं आणि किकवीला गेले. तिथं पोस्ट आहे. वहिनी पार ओढ्यापर्यंत मागं मागं गेली होती म्हणे.

२५ सप्टेंबर

उत्तर नाही.

३ ऑक्टोबर

उत्तर नाही. आई म्हणते युद्ध आहे, टपाल हळू चालतं. पण मला माहीत आहे. ‘ॲन्क्शस फॉर’ लिहिलं. अबाऊट हवं होतं का? पुस्तकात दोन्ही आहेत, पण उदाहरण एकाचंच आहे. साहेबानं दुसरी ओळ वाचली असेल, तोंड वाकडं केलं असेल आणि खाली ठेवलं असेल. त्याच्यापुढं असे शंभर कागद असतील. चुकलेलेच आधी बाजूला जाणार.

म्हणजे वहिनी वाट बघतेय ती माझ्यामुळं.

८ ऑक्टोबर

जेवण जात नाही. आई म्हणते नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. कुणाची नजर लागणार? मी दुपारभर पुस्तकातली यादी पाठ करते. ‘ए’पासून सुरू केली, ‘डी’पर्यंत आले. डिपेन्ड ऑन. डिप्राइव्ह ऑफ. डिस्पेअर ऑफ. किती दुःखाचे शब्द ‘डी’मध्ये!

आबांना सांगितलं की दुसरं पत्र लिहिते, पहिल्यात चूक असणार. त्यांनी दाव्याला आणखी एक पीळ घातला. मग म्हणाले, लिही. पण सावकाश.

१८ ऑक्टोबर, पाडवा

वहिनीनं दादाचा सदरा खुंटीवरून काढला, पाटावर ठेवला आणि त्याला ओवाळलं. शेजारची बाळाबाई बघत होती. ती तोंडाला पदर लावून निघून गेली. आबा उठून गोठ्यात गेले. जेवायला आलेच नाहीत.

मी काय केलं? मनात म्हटलं, ‘होप फॉर’ की ‘होप ऑफ’. माझी मलाच शिसारी आली.

२३ ऑक्टोबर

दुसरं पत्र पुरं झालं. सगळी वाक्यं तोडून बारीक केली. ज्या शब्दापुढं शंका, तो शब्दच काढला. आता त्यात फार थोडं उरलंय. दादाचं नाव, नंबर, गाव. आणि तो कुठं आहे, हा प्रश्न.

कालवड नाही घातली.

आबा भातकापणीत आहेत. त्यांना किकवीची खेप कशाला? गुरुवारी डाकवाला कोंडिबा येईल, त्याच्याच हातात देईन.

२६ ऑक्टोबर

 सगळं क्रमानं लिहिते.

कोंडिबाला वाटेत, वडाखाली गाठलं. पत्र पुढं केलं. त्यानं पत्ता बघितला आणि पत्र घेईचना. म्हणाला, ‘‘हे आता कशापायी, ठकू?’’

मी म्हटलं, पहिल्याचं उत्तर आलं नाही म्हणून. तर तो म्हणाला, पहिलं कोणतं? असलं पत्र पोस्टात आलंच नाही. येतं तर त्याच्याच हातून गेलं असतं.

आणि मग सांगितलं. श्रावणातच पलटणीचा कागद आला होता. पोस्टमास्तरांनी आबांना तिथंच वाचून दाखवला. मे महिन्यात, लढाईत. कोंडिबा शेजारी उभा होता.  आबा कागद घडी करून घेऊन गेले. कोंडिबाला वाटलं, घरात सांगितलं असेल. मग वहिनीच्या कपाळावर कुंकू बघितलं आणि गप्प राहिला. आपण कोण बोलणारे, म्हणाला.

मे महिन्यात! मी शेपटं शोधत होते तेव्हा दादाला जाऊन चार महिने झाले होते.

२७ ऑक्टोबर

आबांना खळ्यावर एकटं गाठलं. रागानं गेले होते. मला का दिला नाही कागद? सगळ्या वाडीचे कागद मी वाचते, आपल्याच घरचा नाही?

म्हणाले, ‘‘तू वाचला असतास तर जे हाय ते सांगितलं असतंस. तुला खोटं जमत न्हाई.’’

पहिलं पत्रही त्यांनी पोस्टात टाकलं नव्हतं. त्या कागदाच्या घडीतच ठेवलं होतं. दोन्ही माजघरातल्या आढ्याला खोवलेले. घरी कुणी नव्हतं; तिथं नेऊन मला काढून दाखवले. मला उगीच शब्द शोधायला का लावलं, विचारलं. म्हणाले, पत्र चाललंय म्हणून सारजा जेवत होती.

मग त्यांनी कागद माझ्यापुढं उलगडला आणि बोट फिरवून दाखवलं. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा.

‘‘चारी धड हायेत. मेल्याचा कागद असा येतो व्हय?’’

आपल्याकडं मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडूनच पाठवतात. ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. अंगणात वाचायचं, फाडून टाकायचं, अंघोळ करायची. हे आबांनी तीन महिने घरात, देवाच्या वरच ठेवलंय. फाडलेला नाही म्हणून.

म्हटलं, आबा, साहेबाला आपली रीत काय माहीत!

‘‘न्हाई ना माहीत? मग त्याचं बाकीचं तरी काय खरं मानायचं?’’

 त्यांनी दोन्ही कागद पुन्हा आढ्याला खोवले आणि खळ्यावर येऊन परत मळणीला लागले. बैलांना हाकताना आवाज नेहमीसारखा होता.

मी कागद वाचला का? नाही. वरचं दादाचं नाव फक्त दिसलं. खाली नजर नेली नाही.

२८ ऑक्टोबर

वहिनीनं विचारलं, दुसरं पत्र गेलं का. मी हो म्हटलं.

जन्मात पहिलं खोटं. जमलं.

३० ऑक्टोबर

सकाळी वहिनीनं अंगणातून हाक मारली. उंबऱ्याबाहेर उभी होती, हातात तो कागद. आढ्यावरून तिनंच काढला होता. वरचा उजवा कोपरा फाडलेला होता. तुकडा तिच्या दुसऱ्या मुठीत होता.

‘‘मामंजींनी सरावनात खोवला तवाच बघितला व्हता म्या, त्यांच्या तोंडावरनं वळीखलं,’’ म्हणाली. ‘‘पाडवा तेवढा होऊ द्यावा म्हनलं. या वन्सं, हितं भाईर बसा. वाचा आता.’’

बसले. वाचलं. चारच ओळी होत्या. एकही शब्द अडला नाही.