हेन्रिकने पुढे केलेली पापडी

वॉर्सा, १८ डिसेंबर

प्रिय बोगुमिलास, तुझ्या गेरार्डचा सप्रेम नमस्कार.

प्रवास सुखरूप झाला. तू दिलेले मोजे पायांत आहेत. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्याइतका नाही.

गर्भपातबंदीचा आपला मसुदा काल संसदेत आला. आपल्याच स्वयंपाकघरात बसून हेन्रिकने तो मंजूर करून घ्यायची शपथ घेतली होती, म्हणून तर त्याला खासदार करायला मी चर्चमध्ये आणि दारोदार मतं मागितली. काल त्यानेच सभागृहात उठून मसुदा समितीकडे धाडायला सांगितलं. तिथून काही परत येत नाही, हे इथला द्वारपालही जाणतो.

मग पक्षाच्या नाताळ-मेळाव्यात त्याने नाताळात एकमेकांबरोबर मोडून खायची ती पातळ पापडी माझ्यापुढे केली.

"मोड की, गेरार्डदादा! विरोधात मत दिलं का आम्ही? निवडणूक तेवढी होऊन जाऊ दे."

"बाळ नऊच महिने थांबतं, हेन्रिक. तुझी निवडणूक काही संपत नाही."

तो हसला. पापडी मोडली की रुसवे मिटले असं मानायचं, म्हणून जन्मात पहिल्यांदा मी हात मागे घेतला.

आईंचा खोकला कसा आहे? मसुद्यासाठी सह्या दिलेल्या बायका विचारतील, तेव्हा 'लांबणीवर पडलं' म्हणू नकोस. गेरार्डने चुकीच्या माणसाची हमी दिली, असं सांग. रविवारी चर्चमध्ये मी स्वतः सांगेनच. तेव्हा फक्त शेजारी उभी राहा.

तुझाच,
गेरार्ड